शेवटची बावीस मिनिटं

आई,

काल दुपारी मी तो सिनेमा पुरा पाहिला. परदेशातला, काळापांढरा, बारामतीत कॉलेजच्या हॉलमध्ये आपण दोघांनी बसून पाहिलेला. तू त्या दिवशी सणसरहून वाचायचा चष्मा करायला आली होतीस, चष्मा संध्याकाळी मिळणार होता आणि मला पुण्याच्या पेपरसाठी त्या सिनेमावर लिहायचं होतं. तुला तोवर कुठं बसवायचं, म्हणून बरोबर घेतलं. आता पुरवणीच्या संपादकांनी जुन्या सिनेमांवर सदर सुरू केलंय आणि पहिला लेख नेमका याच्यावर मागितला. संपादक तरुण आहेत. मी पूर्वी याच सिनेमावर काय लिहिलं होतं, हे त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही.

भुताचा सिनेमा म्हणून पोरं गर्दी करून आली होती, आणि पडद्यावर भूत कुठंच नव्हतं. एक बाई, तिचा नवरा आणि त्यांची गेलेली मुलगी. बाई दूध तापवते, भांडी घासते, फ्रॉकच्या घड्या घालते. रोज दिवस मावळताना मागच्या दाराशी तिला पावलं ऐकू येतात आणि नवरा पेपरातून मान वर काढत नाही. बस, एवढंच. कॅमेरा जागचा हलत नाही, दचकवणारं संगीत नाही. काल मला कळलं की भीती पावलांची नाहीच. एकाच खोलीत बसलेली दोन माणसं मुलीबद्दल एक शब्द बोलत नाहीत, त्याची आहे. दिग्दर्शकाने ती इतकी हळू चढवत नेली आहे की आपला श्वास कधी अडकला ते समजत नाही. पण हे मला आत्ता, साठीला टेकल्यावर समजतंय. तुला तेव्हाच समजलं होतं. भाषा कळत नव्हती, खालच्या इंग्रजी ओळी मी मधूनमधून तुझ्या कानात सांगत होतो, आणि तू माझं मनगट धरून मोठ्यानं म्हणालीस, "हिला कुणी कायबी इचारत का न्हाय रं?" मागच्या रांगेत पोरं हसली. एक जण ओरडला, "मावशी, तुमीच इचारा की!" मला तुझी लाज वाटली, आई. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय.

तेव्हा मजकूर एसटीने जायचा. लिहिलेली पानं पाकिटात घालून डेपोत पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची, तिकडे पेपरचा माणूस उतरवून घ्यायचा. गाडी चुकली की रविवारचं पान चुकलं. सिनेमा लांबला होता. ती बाई दाराच्या कडीला हात लावून उभी, आणि मी तुला उठवतोय. "चल, पाकीट जायचंय." "थांब की वाईच. दार उघडतीया का बघू दी." "अगं, गाडी सुटेल." तू उठलीस, पण हॉलच्या दारापर्यंत मान वळवून बघत गेलीस. डेपोतल्या बाकावर, मांडीवर पॅड घेऊन, मी अर्ध्या तासात दोन पानं काढली. त्यात एक वाक्य असं होतं: दीड तास भांडी घासताना बघायची असतील तर ती आपापल्या घरी बघावीत. पुढं हेही लिहिलं की शेवट कुणालाही आधीच ओळखता येतो. हे मी न पाहिलेल्या शेवटाबद्दल लिहिलं. रविवारी ते तुला चुलीपाशी वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, "आमची भांडी बघाया कोन येतंय बाबा," आणि हसलीस. मीही हसलो. लोकांनी माझं ते भांड्यांचं वाक्य बरेच दिवस उचलून धरलं होतं.

पण खरं सांगायचं आहे ते डेपोतलं. पाकीट देऊन आलो तर तू विचारलंस, "मग उघडलं का तिनं दार?" मला माहीत नाही, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. तिला नुसता भास होत होता. मग रडली आणि बरी झाली." तू फलाटाकडे बघत म्हणालीस, "असं व्हय."

आपली धाकटी तापानं गेल्यापासून तू रोज तिन्हीसांजेला स्वयंपाकघराचं मागचं दार भात शिजेपर्यंत लोटून ठेवायचीस, कडी न लावता. ती खेळून त्याच दारानं यायची. घरात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. त्या दिवशी घरी पोचल्यावर तू आधी त्या दाराला कडी घातलीस, मग चूल पेटवलीस. पुढं कधी तिन्हीसांजेला ते दार कडीवाचून दिसलं नाही. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरं झालं, सुटली एकदाची त्यातनं." आणि मला, आई, अभिमान वाटला होता. मी तुला शहाणं केलं असं वाटलं.

काल उरलेली बावीस मिनिटं पाहिली. बाई दार उघडते. बाहेर काय आहे ते आपल्याला दाखवतच नाहीत. ती फक्त बाजूला सरकते, कुणाला आत यायला वाट द्यावी तशी. नवरा पेपर खाली ठेवतो आणि पूर्ण सिनेमात पहिल्यांदा विचारतो, "केवढी झाली असेल गं ती आता?" बाई हातानं उंची दाखवते. दोघं बोलत बसतात. त्यांच्या पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज होतो, पण दोघंही वळून बघत नाहीत. अंगावर काटा आला आणि त्याच वेळी कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटलं. असा शेवट मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेला नाही. तुझ्या हक्काचा होता तो. मी गाडीसाठी काढून घेतला आणि त्या जागी माझा दिला.

लेख सकाळी वेळेत पाठवला. त्यात डेपो नाही, तू नाहीस. तो चांगला झालाय असं संपादकांनी कळवलं. त्यानंतर हे पत्र लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता वाटलं की आपली धाकटी आज केवढी असती ते तरी मोजावं. मोजता येईना. वर्ष साधारण लागतं, पण ती कोणत्या महिन्यात जन्मली ते मला माहीत नाही. ते सांगू शकणारं शेवटचं माणूस तू होतीस, आणि तू असताना मी कधी विचारलं नाही.