माझ्या नावाचा होल्ड

३ जून

गळ्यात बॅज. फोटोत मी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसते. रागावले नव्हते.

आमची टीम फोनमधल्या रिमाइंडरचं काम करते. ठरलेल्या वेळी फोन वाजतो, एवढंच. पण कोट्यवधी फोन. शिकवायला एक गाईड दिली आहे — पस्तिशीची, भराभर बोलणारी. तिचं पहिलंच वाक्य, "मला तुम्ही म्हणायचं नाही. इथे सगळे अरे-तुरे." हो म्हटलं. दिवसभर अशी वाक्यं जुळवली, की तू आणि तुम्ही दोन्ही टळतील.

शेजारच्या खुर्चीत दुसरा इंटर्न. लिफ्ट वर येईपर्यंत आतल्या सगळ्यांशी त्याची ओळख झालेली. मी मनात त्याचं नाव प्रवक्ता ठेवलं आहे. इंटर्नशिप संपल्यावर टीममध्ये कायमची एकच जागा आहे, हे मला त्यानेच सांगितलं. हसत.

५ जून

होल्डची पद्धत समजली. कुठलाही बदल लोकांच्या फोनवर जाण्याआधी त्याचं एक पान उघडतात. त्यावर कुणीही होल्ड लावू शकतं, इंटर्नसुद्धा. होल्ड लागला की रिलीज थांबतं. लावणाऱ्याने सकाळच्या मीटिंगमध्ये उभं राहून कारण सांगायचं. आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा — मॅनेजरलाही तो अधिकार नाही.

चांगली पद्धत आहे. कागदावर.

१२ जून

अजून मीटिंगमध्ये तोंड उघडलेलं नाही. ताई फोनवर म्हणाली, "घरी आमच्याशी भांडताना बरी चुरूचुरू चालते जीभ!" घरी भांडायला पुरावा लागत नाही.

१८ जून

होल्ड लावला. किती फोन वाजले त्याचा आलेख सकाळी घसरला होता. मला वाटलं, नव्या बदलामुळे फोन वाजतच नाहीयेत. सगळं अडकून पडलं. दुपारी उलगडा झाला — एका मोठ्या देशात आज सुट्टी होती. लोकांनी सकाळचे रिमाइंडर स्वतःच बंद ठेवले होते.

उभी राहिले. "माझं चुकलं. सुट्ट्या बघितल्या नाहीत." होल्ड काढला. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"काय ब्रेक, चहाला थांबायचं की जायचं?" — प्रवक्ता. हे नाव आता चिकटणार.

कपात चहा ओतताना गाईड म्हणाली, "चुकला तर चुकला होल्ड. बसल्या जागेवरून पुटपुटली असतीस तर मात्र मी बोलले असते."

२ जुलै

मधलं मूल्यमापन. मॅनेजर म्हणाला, "काम चोख आहे. फक्त तू खोलीत आहेस की नाही, ते कळत नाही."

खोटं नाही. खोलीत असून नसण्याचा मला चांगला सराव आहे.

९ जुलै

मीटिंगमध्ये बोलले. एक चाचणी दोनदा चालते, त्यातली एक काढून टाकता येईल, एवढंच. "कर," मॅनेजर म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला. छत कोसळलं नाही. ताईला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

१५ जुलै

आज दोन वेळा बोलले. दुसऱ्यांदा प्रवक्त्याचं वाक्य तोडून. तो म्हणाला, "ब्रेकने ओव्हरटेक केलं!" सगळे हसले. मीही, थोडी.

२२ जुलै

गाईडचं फीचर आता शेवटच्या टप्प्यावर आहे. लोक रिमाइंडर लावतात आणि पुढे त्याकडे बघतही नाहीत. फोन वाजत राहतो, लोक वैतागतात. ज्या रिमाइंडरला बरेच दिवस कुणी हात लावला नाही, त्याला फोन आता आपोआप गप्प करणार. काही लोकांवर करून बघितलं, तक्रारी निम्म्यावर आल्या. हात लागला की नाही हे मोजायचा भाग मी लिहिला आहे. नेटका झाला आहे.

गाईडचं वर्षभराचं काम. बढती यावरच ठरणार आहे. ती हे लपवत नाही. "हे एकदा बाहेर पडलं ना, की आठवडाभर मी झोपणार. मलाही कुणी वाजवायचं नाही."

२६ जुलै

रविवार. घरी आले आहे.

सकाळी कपाटावर बाबांचा फोन वाजायला लागला. रक्तदाबाच्या गोळीची वेळ. बाबा दाढी अर्धी टाकून आले, गोळी घेतली, वर पाणी प्यायले, परत आरशापुढे गेले. फोन वाजतच होता.

"बंद का नाही करत?"

"कशाला? गोळी घेतली ना. तो आपला थकून गप्प बसतो."

रोज असंच करतात. ऐकतात, उठतात, गोळी घेतात — फोनला हात लावत नाहीत. माझ्या मोजणीत हा दुर्लक्षित रिमाइंडर आहे. थोड्याच दिवसांत तो वाजायचा थांबेल. थांबल्याचं बाबांना कळणार नाही. न वाजलेलं कसं ऐकू येईल?

आई म्हणाली, "चेहरा का उतरला गं?" भूक लागली म्हणून सांगितलं.

२८ जुलै

आधी गाईडकडे गेले. "तुझ्या फीचरला होल्ड लावतेय. मीटिंगमध्ये कळण्याआधी तुला सांगायचं होतं."

तिने ऐकून घेतलं. "आकडा आहे?"

"नाही. हात न लावणारा माणूस ऐकतो की नाही, याची आपल्याकडे नोंदच होत नाही."

"म्हणजे तुझ्या एकट्या वडिलांवरून माझं वर्षभराचं काम थांबवायचं?"

"हो."

ती स्क्रीनकडे वळली. मी तिला तू म्हटलं, हे मला जागेवर येऊन बसल्यावर लक्षात आलं.

मग मीटिंग. उभी राहिले. मॅनेजरने विचारलं, "असे किती लोक असतील?"

"माहीत नाही. आणि कळायचा मार्गही नाही. म्हणूनच होल्ड आहे. गप्प करण्याआधी माणसाला एकदा विचारलं पाहिजे."

विचारायची सोय करायची म्हणजे फीचर पुढच्या वर्षावर जातं. बढतीही. हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. माझा आवाज नीट निघाला. मार्करचं टोपण तळहातात रुतलं होतं, ते नंतर दिसलं.

४ ऑगस्ट

गाईड कामापुरतं बोलते. मॅनेजरने बोलावलं. "होल्ड काढणार आहेस का? जबरदस्ती नाही."

"नाही."

"ठीक. चौदाला तुझी इंटर्नशिप संपते. खातं बंद होईल, खात्याबरोबर होल्डही जाईल. मग रिलीज करू."

धमकी नव्हती. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. म्हणजे मी इथे राहिले तर होल्ड राहणार.

१० ऑगस्ट

जागा प्रवक्त्याला मिळाली. मॅनेजर म्हणाला, "निर्णयाचा होल्डशी संबंध नाही." नसेलही. तपासायला काही साधन नाही.

प्रवक्त्याचं अभिनंदन केलं. मग विचारलं, "माझा होल्ड गेला की तू तुझा लावशील?"

"अगं ब्रेक, आज तर जागा मिळालीये. पहिल्याच दिवशी गाईडशी पंगा घेऊ? मुद्दा तुझा बरोबर आहे गं. पण तूच सांग, माझ्या जागी तू असतीस तर?"

"लावला असता."

तो हसला नाही. पहिल्यांदाच.

होल्डच्या पानावर कारण पुन्हा लिहिलं. छोटं, सरळ. 'हात न लावणं म्हणजे न ऐकणं नव्हे. गप्प करण्याआधी विचारा.' गाईडला विचारायचा प्रश्नच नाही. तिच्याच कामाविरुद्ध तिला काय सांगणार?

१३ ऑगस्ट

ताई म्हणाली, "रडायचं तर रडून घे आणि ये घरी." रडू येत नाहीये. जागा गेल्याचं वाईट वाटतंय, पण त्याला एक कप्पा आहे, त्यात ते बसतं. होल्ड बसत नाही.

बाबांना फोन केला. "उद्यापासून रिमाइंडर वाजला की फोनला हात लावत जा."

"का गं?"

"लावा फक्त."

"बरं बाई. साहेबीण झालीस."

एका घराचा प्रश्न सुटला. बाकीच्यांना कोण फोन करणार?

१४ ऑगस्ट

लॅपटॉप परत देण्याआधी ते पान उघडलं. माझा होल्ड होता, आजच्यापुरता. त्याखाली आणखी एक, सकाळी लावलेला. कारणाच्या जागी माझंच वाक्य, शब्दशः. नाव गाईडचं.

तिच्या जागेवर बघितलं, नव्हती. मीटिंगच्या खोलीच्या काचेतून दिसली. बाकी सगळे बसलेले. ती उभी.