डब्यावरचं कुंकू

दारव्हा, शुक्रवार, दिवेलागण

डबा अजून टेबलावरच आहे. सील शाबूत, पण वर बायकोनं, सुमननं, काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक. घरात आलेली नवी वस्तू आधी देवापुढे, मग उघडायची. तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं.

मुक्ताच्या कॉम्प्युटरसाठी दुकानातलं सगळ्यांत दांडगं ग्राफिक्स कार्ड मीच निवडलं. जन्मभर पेपरात दुसऱ्यांच्या अडाणीपणावर लिहिणारा माणूस लेकीला विचारतो थोडाच? मुक्तानं डबा पाहून कपाळाला हात लावला. "बाबा, हे सेकंदाला दीडशे चित्रं काढते, पण आपला जुना मॉनिटर साठच दाखवते. बाकीचे कोनाले दिसतीन? हलकं कार्ड अन् चांगला मॉनिटर पाह्यजे होता." रविवारी गेमिंगच्या संघासाठी तिची निवड चाचणी आहे. समोरचा गडी क्षणभर उशिरा दिसला की संपलंच.

बदलून मिळेल, पण डबा कोरा हवा. सुमन ओल्या फडक्यानं पुसायला गेली, तर स्वस्तिकाचा गुलाबी चिखल झाला. आता कोण घेणार? शेवटी यवतमाळला दुकानदाराला फोन लावला. कुंकवाचंही सांगून टाकलं.

"सील त नाही ना फोडलं?"

"नाही."

"मंग आना उद्या. पूजा केलेला माल म्हनून दुसऱ्याले देतो."

सुटलो. माझं सदरही त्यालाच लिहायला द्यावं.

सुमननं भीतभीत विचारलं, "नव्या मॉनिटरले कुंकू लावू ना?"

"लावजो आई," मुक्ता म्हणाली. "उद्या दुकानात बाबा गप्प बसले, त नारळ मी फोडतो."