पंचेचाळीस मिनिटं

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा! घाटातून सहा तास बस, पाठीचा पार भुगा झाला. पण क्वार्टर झकास मिळालंय. दोन खोल्या, खिडकीतून थेट धावपट्टी. काम हलकं. विमान एकच, एकोणीस खुर्च्यांचं. सकाळी इथून पलीकडच्या शहरात जातं, दहा चाळीसला तिथून परत निघतं, अकरा पंचवीसला इथे टेकतं. अंतर दोनशे बारा किलोमीटर, वेळ पंचेचाळीस मिनिटं. मी सुटल्या-उतरल्याची वेळ नोंदवायची आणि उतारूंना बाहेरची वाट दाखवायची. बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, एवढ्यासाठी पगार देतात? लेकीची परीक्षा झाली की दोघी येतायत. लेक सात वर्षांची. विमानात खिडकी तिचीच, हे आत्तापासून ठरलंय.

९ फेब्रुवारी
वैमानिक काका दिलखुलास माणूस. सकाळी माझ्याकडे चहा घेऊन गेले तेव्हा दाढी गुळगुळीत होती. परतले तर गालावर दोन दिवसांची खुंटं. मी थट्टा केली, ते हसले नाहीत. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. उतारू मात्र जांभया देत उतरले; सगळ्यांनाच म्हणे गाढ झोप लागली होती.

१३ फेब्रुवारी
आज दाढी बोटभर. उतारूंची नखं वाढलेली. वेळ बरोब्बर पंचेचाळीस मिनिटं. काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, परतीच्या वाटेवर घड्याळ थांबतं. मागे सगळे झोपतात. भूक लागत नाही, तहान तेवढी लागते. खाली तेच ते डोंगर येत राहतात, धावपट्टी काही येत नाही.
साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी नोंदवही उघडली. विमान वेळेवर, इंधनाचा हिशेब बरोबर, तक्रार एकही नाही. मला म्हणाले, नवीन जागा आहे, नीट झोपत जा.

१६ फेब्रुवारी
यादीत लिहिलं होतं, तान्हं, तीन महिने. उतरताना ते आईचं बोट धरून चालत होतं. त्या माउलीचा टाहो अजून कानात आहे.
काकांचे केस पांढरे झालेत. ओळखपत्र टेबलावर ठेवून बस स्टँडकडे चालत गेले. वळूनही पाहिलं नाही. उद्या नवा वैमानिक.
बायकोला म्हटलं, बसनेच या. घाटात पोरीला उलट्या होतात, तुझं आपलं काहीतरीच, असं म्हणाली. गळ्याची शपथ घातली तेव्हा हो म्हणाली.

१७ फेब्रुवारी
१०:४४. आत्ता यादी आली. शेवटची दोन नावं बायकोचं आणि लेकीचं. फोनवर तिचा निरोप पडलाय — गंमत म्हणून आजच येतोय, रागावू नकोस. आता तिचा फोन बंद.

१०:५२. मनोऱ्यात धावत गेलो. विमान मागे फिरवा म्हणून पाया पडलो. कारण काय लिहू, विचारतात. काय सांगू—

११:०५. रेडिओवर नवा वैमानिक. रडतोय. धावपट्टी कुठेय, कुठेय, एवढंच. इथे पंचवीस मिनिटं झालीत. तिथे किती—

११:२५. टेकलं. वेळेवर. शिडी लागली. कुणी उतरत नाही. सुरक्षावाल्याने मला काचेअलीकडेच धरून ठेवलंय.

उतरली! बायकोच. केस पिकलेत, पाठ वाकलीय, पण चाल तीच. असू दे. कशीही असू दे. आली ना.

एकटीच का? लेक कुठे—

काचेपाशी आली. माझ्याकडे बघतेय. ओठ हलतायत. म्हणतेय, बाबा, आई तर कधीच—