देव आटवून केलेला पेला आणि माझा देह

लिहून ठेवणार: संयोगिता जोतीराम वरुटे, वय ७४ वर्षे, धंदा शिवणकाम (डोळ्यांमुळे सध्या बंद), राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर.

हे मृत्युपत्र मी माझ्या घरात, माझ्या हाताने, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर नाही, पण त्याचा दाखला कायद्याला लागत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणणारे दोघे आहेत, पण मी काय लिहिते आहे हे त्या दोघांना ठाऊक नाही.

ते दोघे म्हणजे माझा मुलगा सम्राट आणि माझे धाकटे दीर केरबा. गेल्या श्रावणात छातीत दुखू लागलं म्हणून मला दवाखान्यात ठेवलं होतं. तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. हे दोघे खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून माझ्या मढ्याचं काय करायचं यावर भांडत होते. केरबा म्हणत होते, "पोरा, वयनीला आगीबिगर जाऊ देणार न्हाय. तुझ्या बाचं झालं ते झालं." सम्राट म्हणत होता, "काका, देहदानाचा फॉर्म भरलेला आहे. आईचीच सही आहे." मला कोणीच विचारलं नाही. तोंड बंद होतं, कान शाबूत होते. घरी आल्यावर पहिलं काम म्हणून मी वकील गाठला.

कलम १. घर. मंगळवार पेठेतलं दोन खोल्या आणि माडीचं घर माझ्या यजमानांनी त्यांच्या मृत्युपत्राने मला दिलं. ते सम्राट आणि माझी मुलगी पूर्णिमा यांना निम्मं निम्मं. पूर्णिमा मलकापूरला शाळेत शिकवते, ती इथे राहायला येणार नाही. सम्राट पुण्याहून येणार नाही. तरी दोघांच्या सह्यांशिवाय विकू नये. बँकेतली ठेव माझ्या दवाखान्याचं भागवून उरली तर पूर्णिमाची. सम्राटला कमी दिलं असं कोणी म्हणू नये, त्याला इंजिनिअर करताना मी किती ब्लाउज शिवले ते या भिंतींना विचारावं.

कलम २. शिवणयंत्र, तीन कात्र्या आणि लाकडी टेबल. हे सगळं समोरच्या बोळातल्या झुंबरबाईला द्यायचं ठरवलं होतं. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला सही करू नये, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. झुंबरबाई तिथेच बसली होती. ती म्हणाली, "मग मशीन सुनंला द्या की. साक्षीला मीच हाय." त्याप्रमाणे सगळं तिच्या सुनेला द्यावं. मोठी कात्री कागदाला लावू नये.

कलम ३. पेला. वकीलसाहेबांनी इथे "चांदीचा पेला, नग एक" एवढंच लिहून बाकीचं लाल पेनाने खोडलं होतं. मी ते पुन्हा लिहिलं आहे, कारण एवढ्या ओळीवरून कोणालाच काही कळणार नाही.

माझ्या यजमानांचं नाव जोतीराम. ते म्हणायचे, मला नावाने हाक मार, नवराबायको समान आहेत. सगळ्या आयुष्यात माझ्या जिभेवर ते नाव आलं नाही. मृत्युपत्रात "हे" चालत नाही म्हणून आता लिहिते. जोतीराम हायस्कूलला विज्ञान शिकवायचे आणि विवेक मंच चालवायचे. देव नाही, भूत नाही, पत्रिका नाही, असं गावोगाव सांगत फिरायचे. माणूस सच्चा होता. पगारातून कोणाकोणाच्या पोरांची फी भरायचे. पण घरात एखाद्या गोष्टीवर मत द्यायची वेळ आली की ते माझ्याही वाटणीचं देऊन मोकळे व्हायचे.

त्यांचं मूळ गाव राधानगरीच्या बाजूला. भावांची वाटणी झाली तेव्हा रीतीप्रमाणे देव थोरल्याकडे आले. देव म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले टाक, जोतिबा, खंडोबा, भवानी आणि घरातली गेलेली माणसं. केरबांनी ते स्वतः फडक्यात बांधून एस.टी.ने आणून दिले आणि सांगून गेले, "दादा, इस्वास ठेव नायतर नको ठेवू, खाली ठेवू नको म्हंजे झालं." १९७६ साली सम्राट झाला. बारशाच्या ऐवजी मंचाचा कार्यक्रम ठेवला होता. त्याच्या आदल्या दिवशी जोतीराम ते टाक गुजरीतल्या चांदीवाल्याकडे घेऊन गेले आणि आटवून पोराला दूध प्यायला पेला करून आणला. सभेत म्हणाले, "देवांनी पहिल्यांदाच कोणाच्या तरी पोटात काही घातलं." टाळ्या पडल्या. मी आत बाळंतिणीच्या खाटेवर होते.

त्या टाकांमध्ये एक टाक त्यांच्या आईचा होता. सासूबाई गेल्या आणि वर्षश्राद्धाला केरबांनी म्हशीची रेडी विकून तो करून घेतला. श्राद्ध मान्य नाही म्हणून जोतीराम त्या दिवशी गावी आलेच नव्हते आणि देव्हाऱ्यात डोकावून बघायची त्यांना सवय नव्हती. कुठला जोतिबा आणि कुठली आई, त्यांना कळलंच नाही. सगळे एकत्र वितळले.

मीच ते त्यांना सांगितलं, दोन वर्षांनी, भांडणात. लागेल असंच सांगितलं. ते म्हणाले, "त्यात आई होती?" एवढंच. तीन दिवस मंचात गेले नाहीत. नंतर पुन्हा जायला लागले आणि तो विषय या घरात निघाला नाही. टाक आटवल्याचं कळल्यापासून केरबांनी या घरात पाणी घेतलेलं नाही. येतात, पायरीवर बसतात, चप्पल काढत नाहीत, "तहान न्हाय" म्हणतात. उन्हाळ्यातसुद्धा तहान नाही.

आता माझी कबुली. सम्राट मोठा झाल्यावर पेला मी जोंधळ्याच्या डब्यात ठेवला आणि दर रविवारी बाहेर काढून त्याला हळदकुंकू वाहिलं. रविवार जोतिबाचा आणि मंचाच्या बैठकीचाही, त्यामुळे घर रिकामं असायचं. पस्तीसएक वर्षं मी असं केलं. पुसून परत ठेवताना काठावरचे सम्राटच्या दुधाच्या दातांचे चावे बोटाला लागायचे. कोणापुढे हात जोडते आहे ते मला धड सांगता आलं नसतं. जोतिबा, सासूबाई, पोर, सगळं त्यातच होतं. पण छातीत भरून यायचं हे खरं आहे.

सम्राटला हा पेला मंचाच्या नव्या सभागृहात काचेत ठेवायचा आहे, खाली पाटी लावून. केरबांना तो आटवून परत टाक करायचे आहेत. दोघांनाही नाही. पेला आहे तसा केरबांना द्यावा. केरबा भावजी, तो आटवू नका. तुमची आई त्यात आहे आणि तुमच्या पुतण्याचे दातही. गावचं आमच्या वाटणीचं वीस गुंठे भाताचं रान तुम्हीच कसता, तेही तुमचंच.

कलम ४. नवे टाक. जोतीराम २०१७ साली गेले. वाटलं, आता आपल्याला अडवणारं कोणी नाही. महिन्याभराने मी गुजरीत त्याच दुकानात गेले आणि नवे टाक करायला टाकले. म्हातारा चांदीवाला अजून बसतो. त्याने मला ओळखलं आणि म्हणाला, "गुरुजी एकदा आल्तं पेला घेऊन. लई वर्सं झाली. म्हटलं पोचा काढायचा असंल. तर इचारत्यात, ह्यातला आमच्या आईचा भाग कुठला ते सांगता येईल का. म्या म्हटलं, गुरुजी, चांदी एक झाली की एकच. तुमीच पोरास्नी शिकीवता की."

त्यांनी हे मला सांगितलं नाही. मरेपर्यंत नाही. मीही त्यांना डब्यातला पेला सांगितला नाही. एका घरात राहून आम्ही दोघांनी एकमेकांपासून हे लपवलं.

टाक तयार झाले. देव्हारा मांडला, समई लावली, हात जोडले. आत काही नाही. डोळे मिटले तर कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. दुसऱ्या दिवशी तेच. महिनाभर उठून बसले, मग फुलं वाहायची राहायला लागली. चोरून होतं तोवर होतं, उघड झालं आणि गेलं. याचा मला अजून राग आहे. कोणाचा राग, ते समजत नाही. मी नास्तिक झाले का? तसंही नाही, संकष्टीला अजून जेवण घशाखाली उतरत नाही. ही तळमळ घेऊन मी आठ वर्षं या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरते आहे.

सम्राटला एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "आई, मी रिलिजस नाही, स्पिरिच्युअल आहे." दहा दिवस न बोलता बसायच्या शिबिराला तो जातो. मला हसू आलं. न बोलता बसायला याला लांब जावं लागतं, त्याची आई ते घरीच करत होती. पूर्णिमाला विचारलं, तुझा विश्वास आहे का गं. ती कणीक मळत म्हणाली, "आई, विचार करायला वेळ कुठाय? दिवा लावते आणि शाळेला पळते." नवे टाक पूर्णिमाला द्यावेत. तिच्याकडे ते सुखाने राहतील.

कलम ५. माझा देह. हे कलम मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीचे तीन कागद फाडले. पहिल्यात लिहिलं होतं, पंचगंगेच्या काठी रीतसर अग्नी द्यावा. दुसऱ्यात देहदान. तिसऱ्यात लिहिलं, तुम्हाला काय करायचं ते करा. तो तर सर्वांत खोटा होता.

फॉर्मवरची सही माझी आहे, पण ती मंचाच्या मेळाव्यात जोडप्यांनी ओळीने केलेली सही आहे. माझ्या हातात पेन दिलं होतं, प्रश्न विचारला नव्हता. ती सही मी या कागदाने रद्द करते आणि आता स्वतःहून पुन्हा देते: माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. शिकणाऱ्या पोरापोरींना उपयोग होईल. मी आयुष्यभर कापड कापून शिकले, त्यांनी माझ्यावर शिकावं. केरबा भावजींनी यावर वाद घालू नये. पिंड, दहावा, तेरावा करू नये. त्यांना गावी माझ्या नावाने काही करायचं असेल तर करावं, मी बघायला येणार नाही आणि अडवणारही नाही.

पण मंचानेही माझं काही करू नये. घोषणा नकोत, भाषण नको, फलकावर नाव नको.

याचं कारण लिहिते. जोतीराम गेले त्या सकाळी हे घर माणसांनी भरलं होतं आणि कोणी रडत नव्हतं. सम्राट दारात उभा राहून येणाऱ्यांशी हात मिळवत होता. त्याने वडिलांच्या विचारांवर लिहून आणलेलं एक पान वाचलं, आवाज जराही हलला नाही. मला हुंदका आला तेव्हा मंचातले एकजण जवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, सरांना आवडणार नाही." मी पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात झुंबरबाई आली. तिने आपल्याकडच्या रीतीने हेल काढला, "अगं माज्या वयनीऽऽ, तुजा राजा गेला गंऽऽ". मंचातल्या दोघींनी तिला दंडाला धरून बोळात नेलं. ती बाहेर ओरडत होती, "मानूस मेलंय का मिटिंग हाय ही? कोन रडंना कसं?" मग महाविद्यालयाची गाडी आली आणि ते गेले. मी त्या दिवशी रडले नाही. नंतर रडायला बसले तर येईना.

देव आहे की नाही याचा निकाल माझ्याच्याने लागला नाही. तो न लावताच मी जाणार आहे. माझं मागणं त्या निकालावर अवलंबून नाही. ते असं:

महाविद्यालयाची गाडी बोलावण्याआधी मला या घरात, बाहेरच्या खोलीत, एक तास ठेवावं. दार उघडं ठेवावं. झुंबरबाईला आत घ्यावं, माझ्या उशाशी बसवावं आणि तिला हवा तेवढा मोठा आवाज काढू द्यावा. ज्या बायकांना रडायचं असेल त्यांनी रडावं. कोणी कोणाला गप्प करू नये. केरबा भावजींनी पायरीवर बसू नये, आत यावं. मृत्युपत्रं तेराव्यानंतर उघडतात, तेव्हा याचा उपयोग नाही, म्हणून या कलमाची एक प्रत आजच झुंबरबाईच्या ट्रंकेत ठेवली आहे. तिला वाचता येत नाही, पण तिला पाठ आहे.

सम्राट, हे तुला. त्या तासात तू दारात उभा राहू नकोस. कोणाशी हात मिळवू नकोस, काही लिहून आणू नकोस. माझ्याजवळ जमिनीवर बस. मी लहानपणी तुला रडताना कधी गप्प केलं नव्हतं, शाळेत जायला लागल्यावर तुझ्या बाबांनी तुला गप्प व्हायला शिकवलं. माझ्यासाठी रडू आलं तर रड, नाही आलं तर मला राग नाही. पण तुझ्या बाबांसाठीचं रडणं आपल्या दोघांचं राहिलं आहे. माझं आता होणार नाही. त्या तासात तू ते दोघांच्याही वाटणीचं रडून घे.

याआधीचं कुठलंही मृत्युपत्र नाही. असलंच तर ते माझं नाही.

हे सगळं मी झुंबरबाईला वाचून दाखवलं. शेवटच्या कलमावर ती म्हणाली, "वयनी, तास पुरायचा न्हाय." तासच राहू दे, असं मी सांगितलं.

ठिकाण: मंगळवार पेठ, कोल्हापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

सही: संयोगिता जोतीराम वरुटे

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार १: अमरसिंह दत्ताजी सासणे, शेजारी, मंगळवार पेठ (सही)
साक्षीदार २: झुंबरबाई केशव लोहार, समोरचा बोळ, मंगळवार पेठ (डाव्या हाताचा अंगठा)