कापडाचं दुसरं टोक

घाटकोपर (पूर्व),
गुरुवार, २९ ऑक्टोबर १९८७

चि. बाळास,
प्रभूच्या नावाने सलाम आणि बाबाचे आशीर्वाद.

आज सकाळपासून एक जुना आवाज कानात घुमतो आहे. शनिवारी दुपारी तुझी आई आणि रुक्मिणीबाई चर्चच्या व्हरांड्यात प्रभुभोजनाच्या टेबलाचं पांढरं कापड झटकायच्या, त्याचा आवाज. दोघी दोन टोकं धरायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि एकदम हात उचलायच्या. फट्ट. कौलांवरची कबुतरं उडायची. कापड वर फुगलं की खालून तुझी पळापळ सुरू व्हायची, आणि रुक्मिणीबाई म्हणायच्या, "नलिनी, तुझं पोर कापडाला डोक्याचं तेल लावणार बघ." आत रविवारच्या शाळेचे तक्ते लावता लावता मी तो आवाज ऐकत थांबायचो. माझा खिळा हटकून वाकडा बसायचा.

मी बरा आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. शेजारच्या शकुवहिनींनी दिवाळीचं ताट भरून दिलं. चकली दाताला जड जाते, म्हणून चहात बुडवतो. वहिनींना सांगू नकोस.

काल खालच्या चौकात मुलं चिमणीची कविता घोकत होती. आपल्या शाळेत मी ती दोन रांगांत म्हणून घ्यायचो. एक कडवं मुलांनी, पुढचं मुलींनी. बसणं मुलांच्या रांगेत, पण तुझं तोंड उघडायचं ते मुलींच्या कडव्यालाच. वर्ग हसायचा. मला वाटायचं, पोराला ते कडवं जास्त आवडत असेल. कडवं खरंच सुंदर होतं.

हे बघ, मुद्द्यावर यायचं ठरवून बसतो आणि कवितेत शिरतो. तुझी आई म्हणायची, मास्तरांना स्टेशनचा रस्ता विचारला तर आधी वाटेतली झाडं सांगतील.

तर मुद्दा. मागच्या पंधरवड्यात जया आली होती. तिची बहीण इथे पंतनगरच्या बाजारात मासळी घेऊन बसते, तिच्याकडे ती दर शुक्रवारी येते, हे तुला माहीत असणारच. दारातच उभी राहिली.

"काका, मी जया. दांड्याच्या कोळीवाड्यातून आले. तुमची कुंदा आमच्याच माडीवर राहते."

तुझं हे नाव मी तोवर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिने ते किती सहज घेतलं, जसं कुणी म्हणावं, तुमच्या घरातला दिवा चालू राहिलाय.

"बस ना," मी म्हटलं.

"नको, गादीला वास लागेल. हे पुडकं घ्या. तुमच्या चर्चच्या सणाला द्या म्हणाली. नाव सांगू नका म्हणाली."

मी विचारलं, तिकडे काम काय चालतं.

"ब्लाउज शिवते की. अख्ख्या दांड्यातल्या बाया तिच्याकडे माप देतात. हा बघा माझा, सुरकुती दिसते का कुठे?"

मी छताकडे बघितलं. "काका लाजले," म्हणत ती हसत सुटली. मग जरा हळू म्हणाली, "काकी होत्या तेव्हा दर बुधवारी यायच्या. दोघी माडीवर बसून हेच कापड भरायच्या. एक कोपरा काकींचा आहे. पुढे काकी गेल्या. बाकीचे तिने एकटीने पुरे केले."

बुधवार म्हणजे महिला मंडळाची सभा, असं मला ठाऊक होतं. सभा लांबली, बस मिळाली नाही, अशी उत्तरं असायची, आणि मी मान डोलवायचो. मला राग नाही आला, बाळ. हेवा वाटला. तुम्ही दोघी सुया घेऊन बसायचात आणि मी इथे रेडिओ ऐकत होतो.

पुडकं उघडलं. कणसं आणि द्राक्षवेल, पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने. मी बराच वेळ हात फिरवत बसलो. दिसायला कमी आणि बोटांना जास्त, असं ते काम आहे.

गेल्या रविवारी कापणीचा सण झाला. आपल्या घाटकोपरच्या मंडळीला कापायला शेत कुठलं, पण आणायचं ते आणतात. भोपळे, नारळ, बरणीतली लोणची, कुणाचा केक. सहदेव कांबळ्यांनी जिवंत कोंबडा आणला होता, तो उपदेशभर बोलत होता. उपासना संपल्यावर नेहमीसारखा या वस्तूंचा लिलाव. मी तुझं कापड मुकाट्याने टेबलावर ठेवलं होतं. सेक्रेटरींनी वर धरून विचारलं, कोणाकडून? मी म्हटलं, नाव नको.

मग रुक्मिणीबाई उठल्या. त्या लिलावात कधी बोलत नाहीत, हे तुला आठवत असेल. त्यांच्या मते देवाच्या घरात ओरडून भाव करणं बरं नव्हे. त्या दिवशी मात्र त्यांनी असा आकडा सांगितला की पुढे कुणी तोंड उघडलं नाही. कापड छातीशी धरून त्या माझ्याकडे आल्या. डोळे भरलेले.

"मास्तर, नलिनीच्या हातचं इतके दिवस कुठे लपवलं होतंत? मी आंधळी झाले तरी हा टाका ओळखीन. मिशनच्या बोर्डिंगात एका बाकावर बसून शिकलोय आम्ही. रविवारी भोजनाच्या टेबलावर हेच घालणार."

हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. तुलाही नाव नकोच होतं. पण जिने ते पुरं केलं तिचं श्रेय तिच्या आईच्या कबरीवर नेऊन ठेवायचं, हे मला जमेना.

"एक कोपरा नलिनीचा आहे," मी म्हटलं. "बाकी कुंदाचं."

"कोण कुंदा?"

"माझं मूल."

भोवतीचे दोघेतिघे नारळ उचलण्याच्या मिषाने बाजूला झाले. रुक्मिणीबाईंनी कापडाची घडी घातली, तिची आणखी घडी घातली, पिशवीत टाकलं आणि सलाम न करता निघून गेल्या.

आता त्या ईस्टरबद्दल लिहायला हवं. आपण दोघं त्याबद्दल कधी बोललेलो नाही. तुझी निळी साडी, डोक्यावर नीट पदर, बायकांच्या बाजूला शेवटचा बाक. बाकावरच्या बायका सरकल्या. मग चर्चच्या पंचांपैकी एकजण येऊन म्हणाला, पुरुषांच्या बाजूला बसायचं असेल तर जागा आहे. तू उठून बाहेर गेलीस. तुझी आई मागोमाग उठली. रुक्मिणीबाई जागच्या हलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी दोघींनी कापड झटकलं, पण एकमेकींकडे न बघता. आवाज तसा आलाच नाही. आई गेल्यापासून रुक्मिणीबाई एकट्याच ते कापड घालतात. मंडळातल्या कुणाला दुसरं टोक धरू देत नाहीत, आणि दर महिन्याला ते एका बाजूला लोंबतं. पाद्रीसाहेबसुद्धा काही बोलत नाहीत.

मी काही नव्या विचारांचा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. देवाने नर आणि नारी अशी माणसं घडवली, हे मी रविवारच्या शाळेत शिकवलं. उद्या उभं केलं तर तेच शिकवीन, कारण मी ते मानतो. मग तू कोण, हा प्रश्न मी देवाला पुष्कळदा विचारला. उत्तर ऐकू आलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. एवढंच कळतं की प्रार्थनेत तुला मुलगा म्हणून त्याच्यापुढे ठेवायला गेलो की शब्द अडतात, आणि नुसतं "माझं लेकरू" म्हटलं की वाट मोकळी होते. ज्याने घडवलं त्याला तुझी ओळख माझ्याहून जुनी असणार. माझं समजणं मागून आलं तरी चालेल.

मंगळवारी पाद्री बळवंतरावांकडे गेलो. विचारलं, "बाप्तिस्म्याच्या वेळी श्यामसुंदर हे नाव मीच दिलं होतं, कवितेतलं म्हणून. ते नाव टाकलं तर बाप्तिस्मा राहतो का?"

ते तरुण आहेत. उत्तर द्यायच्या आधी विचार करतात, आणि त्या नादात त्यांचं बिस्किट चहात पडलं. चमच्याने ते काढत म्हणाले, "मास्तर, बाळाला हाक मारायचं नाव आईबापांचं. ज्याच्या नावात ते पाणी घातलं तो बदलत नाही. ते पाणी पुसून काढायची सोय मला तरी कुणी शिकवलेली नाही."

"मग बाजूचं काय? बसायचं कुठे?"

"माझं विचाराल तर माझ्या मनात शंका नाही. पंचांना वेळ लागेल. बायकांना किती लागेल ते रुक्मिणीबाईंना विचारा."

ते काही मी विचारू शकलो नाही.

बाळ, या रविवारी प्रभुभोजन आहे. तुझी आई गेल्यानंतर हे दुसरं वर्ष सुरू झालं, आणि तू यावंस असं मला फार वाटतं. मला टेबलापाशी गुडघे टेकताना उठायला हात लागतो, हे एक निमित्त. खरं म्हणजे आपण दोघांनी एकाच भाकरीतला तुकडा घेतला त्याला किती दिवस झाले. पण बोलावू कुठल्या तोंडाने? माझ्या बाजूला माझ्याजवळ जागा आहे, आणि तिथे बसायला सांगणं म्हणजे तुला पुन्हा बाहेर काढणंच. पलीकडच्या बाजूला ये म्हणण्याचा अधिकार मला नाही. पुन्हा बायका सरकल्या तर? मला ते पुन्हा बघवणार नाही, आणि तू ते पुन्हा सोसावंस असं मी का म्हणू? म्हणून हे पत्र सकाळपासून चकलीवर आणि चिमणीवर चाललं आहे. उद्या जया येईल तिच्या हाती देईन. त्याआधी काहीतरी ठरवून लिहायला

दार वाजलं म्हणून उठलो होतो. वाटलं शकुवहिनी ताट न्यायला आल्या. दारात रुक्मिणीबाई. जिना चढून धाप लागलेली, हातात तीच पिशवी. आई गेली त्या दिवसानंतर त्या या घरात आल्या नव्हत्या.

"कुणाला लिहिताय?"

"कुंदाला."

त्या खुर्चीत बसल्या. पाणी मागितलं, सगळं प्यायल्या. आता कापड परत करतील, असं धरून मी पुढे हात केला. त्यांनी ते मांडीवर उलगडलं आणि कडेकडेने बोट फिरवत एका कोपऱ्यावर थांबल्या.

"हा नलिनीचा. दोऱ्याची गाठ उलटी मारायची. बोर्डिंगात बाईंची छडी खाल्ली, पण सुधारली नाही." मग बाकीचे तीन कोपरे बघितले, सावकाश. "हिचीही उलटीच. आईने वळण लावलंय."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"माझ्याकडे बघू नका, लिहा. रविवारी घंटेच्या आधी ये म्हणावं. मला हे एकटीला ताणता येत नाही, दर वेळी वाकडं पडतं. दुसरं टोक धरायला बाई लागते."

"आणि बसायचं?"

"कापड घालणाऱ्या दोघी पहिल्या बाकावर बसतात, मास्तर. इतकी वर्षं काय बघत होतात? कुणाला सरकायचं असेल तर सरकू दे. मी जाड आहे, मला सरकता येत नाही."

त्या अजून समोर बसल्या आहेत. लिहिलं की नाही हे बघायला चष्मा पुसून तयार आहेत. म्हणतात, आणखी एक घाला, डोक्याला तेल कमी लावून ये म्हणावं.

घातलं.

तुझी वाट बघत,
कुंदाचा बाबा