गोठणवाडीला मी दिलेला शब्द

२ डिसेंबर १९७३
पाटणला एस.टी.तून उतरून पायी गोठणवाडीत पोचलो. एम.एस्सी.चं फील्डवर्क सुरू. सरांनी दिलेला विषय: या भागातले बेसॉल्टचे थर, त्यांतल्या भेगा, आणि नकाशा. फार किरकोळ. मी मनातल्या मनात तो वाढवून घेतलाय: कोयनेच्या भूकंपाचं मूळ कारण. सरांना शेवटी एकदम दाखवायचं.
संकल्प: पहाटे उठणे. रोज एक ओढा पुरा करणे. सूर्यास्ताआधी जेवणे. (आईला वचन दिलंय. आमच्या घरात दिवेलागणीनंतर कुणी जेवत नाही.)
मुक्काम हरणाबाईंकडे. घर नवं, वर पत्रे. जुनं सदुसष्टच्या भूकंपात बसलं, तेव्हा त्यांचा नवरा आणि लेक बनी आतच होते. हे शेजारच्या अर्जुनानं सांगितलं, मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस. बाई स्वतः काही बोलल्या नाहीत. नव्या घरात त्या फक्त स्वयंपाक करतात. झोपतात अंगणात, मांडवाखाली. तेव्हापासून रोज.
म्हणजे अख्खं घर मला. उत्तम सोय.

४ डिसेंबर
पहाटे उठलो नाही. थंडी भयंकर. खडक जरा तापल्यावर हातोडा चांगला बसतो, असं कुठंतरी वाचल्यासारखं वाटतं.
गेल्या ऑक्टोबरात पुन्हा मोठा धक्का बसला. तेव्हापासून बाई एकट्या नाहीत, सगळी वाडीच अंगणात झोपते. पोरं खोकतायत. शुद्ध अज्ञान. यांना कुणीतरी सायन्स समजावून सांगायला हवं.
जेवण उशिरा झालं. ढग होते, सूर्य नक्की मावळला की नाही ते कळत नव्हतं.

६ डिसेंबर
दुपारी ओढ्यात बसलो होतो. खालून आवाज आला. जात्यासारखा, पण फार खोलातून. डबक्यातलं पाणी थरथरलं आणि थांबलं. पाखरं गप्प.
ट्रक असणार. इकडे रस्ता नाही, पण आवाज लांबून येतो.
सॅम्पल न घेता परत आलो. डोकं दुखत होतं. हरणाबाईंनी विचारलं, "ऐकलंसा?" मी म्हटलं, काय? त्या म्हणाल्या, "बरं."

७ डिसेंबर
आज मोठं काम केलं.
संध्याकाळी देवळापुढे सगळे शेकत बसले होते. अर्जुनानं विचारलं, "सायेब, तुमी त्याचंच शिकताय न्हवं? परत यील का वो त्यो?" मी काठीनं मातीत थर काढून दाखवले. ताण कसा साठतो, कसा सुटतो. ऑक्टोबरात सुटला तो शेवटचा. आता येणार नाही. बिनधास्त आत झोपा, माझ्या शब्दावर.
 मग एका म्हातारीनं माझ्या पायांना हात लावला.
खरं म्हणजे सर वर्गात म्हणाले होते की असं जगात कुणीच सांगू शकत नाही. पण सर फार सावध माणूस. सावध माणसाच्या हातून शोध लागत नाहीत.

८ डिसेंबर
वाडी आत गेली! वाकळा, पोरं, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं आत. हरणाबाईसुद्धा. त्यांनी चुलीजवळ अंथरूण घातलं.
परक्या बाईमाणसाबरोबर एका छपराखाली झोपणं बरं दिसत नाही. म्हणून मी मांडवात आलोय. निव्वळ त्यांच्या अब्रूसाठी. शिवाय उघड्यावर ऑब्झर्वेशन चांगलं होतं.
झोप लागली नाही. थंडीमुळे.

९ डिसेंबर
ओढा उद्यावर. जमिनीला कान लावून पडलो, म्हणजे निरीक्षण केलं. आहे. तो आवाज अधूनमधून आहे. माझ्याच कानातली नाडी असू शकेल.
अर्जुनाला सहज सुचवलं की मोकळी हवा छातीला बरी. तो हसला. म्हणाला, आत आल्यापासून धाकट्याचा खोकला थांबलाय.

१० डिसेंबर
हरणाबाईंना म्हटलं, आत ढेकूण फार आहेत, तुम्ही बाहेरच झोपा. त्या म्हणाल्या, ढेकूण असले तरी चालतील. मग म्हणाल्या, "लय दिसांनी बनी सपनात आली. हसत व्हती. आजवर आली की नुस्ती आतनं हाका मारायची."

संकल्प: उद्या सगळ्यांना स्पष्ट सांगणे.

११ डिसेंबर
सांगितलं नाही. सदुसष्टच्या भूकंपाला आज सहा वर्षं, बाईंच्या घरच्यांचा दिवस. अशा दिवशी कशाला.

१२ डिसेंबर
सकाळी न्याहारीच्या वेळी धक्का बसला.
मी आत चुलीपुढे भाकरी खात होतो. आधी तोच आवाज, मग पत्रे वाजायला लागले. त्यानंतरचं आठवतं ते थेट अंगण. हातात भाकरी तशीच होती. मधलं काही आठवत नाही. रिफ्लेक्स ॲक्शन, माणसाचा इलाज नसतो.
थांबल्यावर वर पाहिलं. सगळ्या वाडीत बाहेर मी एकटा होतो.
दारं लोटलेली. आत माणसं होती. पोरं होती. एकही बाहेर आलं नव्हतं. कौलांवरून माती घरंगळत होती, तेवढाच आवाज.
हरणाबाईंना हाका मारल्या. ओरडलो. उंबरा काही ओलांडवेना. पाय आखडला होता. त्या आतूनच म्हणाल्या, "आवं, तुमीच म्हनला न्हवं, काय व्हत न्हाई? या, दुसरी भाकरी टाकलीया."
कुणाला काही झालं नाही. देवळाच्या भिंतीला नवी भेग पडली. अर्जुना सगळ्यांना ती दाखवत होता. एवढ्यावरच भागलं, सायेबाचा शब्द खरा, असं म्हणत होता.

१३ डिसेंबर
आज सांगितलं. देवळापुढे, उभं राहून. मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, तुम्ही बाहेर झोपा.
 आधी अर्जुना हसला, मग सगळेच. काल सायेब घाबरलं, भाकरी घेऊन पळालं, म्हणून असं बोलतंय. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. शहरातलं पोर, नवीन हाय, हुईल सवय.
मी हरणाबाईंचा हात धरून सांगितलं. विनवलं. त्या म्हणाल्या, "आसं नगा बोलू सायेब. आता कुटं नीज लागाय लागलीया." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

१४ डिसेंबर
पाटण स्टँड. पोट बिघडल्यामुळे परत. नकाशा कोरा, पण मुख्य भाग डोक्यात आहे.

२ जानेवारी १९७४, सांगली
सरांनी विषय बदलून दिला. कवठे महांकाळकडच्या विहिरींतले थर. तिकडे जमीन शांत असते म्हणतात. मीच सुचवलं असं धरायला हरकत नाही.
सकाळी पेपर आला की आधी पाटणची बातमी शोधतो. मग पुन्हा एकदा, बारीक टाइपातल्यासुद्धा सगळ्या. आई म्हणते, नोकरीच्या जाहिराती बघतोय वाटतं, बरं झालं.
आजही काही नाही. म्हणजे मी सांगितलं ते आजपर्यंत तरी बरोबर आहे.