आठाच्या आकड्याखालचा डाग

कार्तिक वद्य ५, सन १९५८. अमरावती

पोस्टकार्डावर लिहिलं! पाकीट महाग झालं का अकोल्यात? आधी पोस्टमननं वाचलं, मग शेजारणीनं, मग आमी. कुसुमचा सासरा, आमचा इवाई, लिहितो - "लग्नात जावयास दिलेल्या घड्याळाची तबकडी असली नाही. रंगवलेली आहे. उलगडा होईपर्यंत सूनबाईंनी माहेरीच राहावे."

कुसुम माही नात, दिवाळसणाले आलेली. तुळशीचं लग्न होऊन गेलं, न्यायले कोणी फिरकलं नाही, तवाच मले वास आला होता.

यांचं, कुसुमच्या आजोबाचं, घड्याळ ते. जिवंत होते तवर हातावरून उतरलं नाही. अन् हा कापसाचा अडत्या आमाले असली-नकली शिकवून राहिला! ओल्या कापसाले वाळला म्हणून विकणारा.

वद्य ६

वसंताले म्हटलं, लिही उत्तर. तबकडीवर आठाच्या आकड्याखाली मसुराएवढा तपकिरी डाग आहे. हे धामणगाव स्टेशनावर ओंजळ धरून पाणी प्याले, मनगटावरून घड्याळात गेलं, तवाचा. तो पाहा म्हणा. तोच साक्षीदार.

वसंता माहा पोरगा, कुसुमचा बाप. वकील. कोर्टात तोंड बंद होत नाही, घरात उघडत नाही. म्हणे, "आई, वाद कशाला? नवीन घेऊन देऊ."

नवीन काहून? नवीन दिलं म्हणजे जुनं खोटं होतं हे कबूल केलं. हे मी सांगायचं वकिलाले?

शेवटी कुसुमनं लिहिलं, मी सांगत गेली. वरून अंबादेवीची शपथ घेतली, माह्या घरून गेली ती तबकडी असली. वसंता ऐकून राहिला होता. पान थुंकायले उठून गेला.

वद्य ११

पुन्हा कार्डच. "भिंग लावून पाहिले. डाग नाही. शपथ जपून घ्यावी."

जपून! मले!

म्हटलं, बदललं त्यांनी. असली ठेवून घेतलं अन् भलतंच पुढं केलं. कुसुम म्हणे, "आजी, असं नको म्हणू. ते उशाशी घेऊन झोपतात."

"काय, घड्याळ?"

"घड्याळच." लाजली. मग डोळे पुसले. "मले घरी जायचं आहे, आजी."

घरी म्हणते. सहा महिन्यांत अकोल्याले घर म्हणायले लागली पोट्टी. बरं. मीच जाते.

वद्य १३

काल अकोला. बडनेऱ्याहून गाडी धरली, एकटीच. वसंताची तारीख होती म्हणे. असेल.

स्टेशनापासून रस्ताभर कापसाच्या बैलबंड्या. पोचली अन् दारातच म्हटलं, "घड्याळ तुमी बदललं." इवायानं चहा पुढं केला, घेतला नाही. आधी घड्याळ.

इहीन, कुसुमची सासू, आतून बोलली, मले ऐकू येईल अशी. "घड्याळाले रंग लावून दिला, पोरीलेही लावला असंन."

म्हटलं, "सहा महिने तुमच्या विहिरीचं पाणी शेंदून राहिली पोरगी. निघाला का रंग?"

आत भांडं आपटलं.

जावयानं घड्याळ आणलं, भिंग दिलं. आधी उलटं केलं. मागच्या झाकणाले अडकित्ता लागल्याचा ओरखडा. आमचंच. कोणी बदललं नव्हतं. मग सरळ केलं.

डाग नाही.

पांढरी फटक तबकडी. आकडे जाडे, जसे सुजलेले. मिनिटांच्या रेघा, एक कडेपर्यंत गेलेली, दुसरी अलीकडंच थांबलेली. सेकंदाच्या लहान गोलात रंग ओघळलेला. काट्यांवरचं रेडियम पिकून पिवळं, आकड्यांवरचं कालचं हिरवं. म्हाताऱ्यानं डोक्याले कलप लावावा अन् मिशा पांढऱ्याच ठेवाव्या, तसं ध्यान.

इवाई म्हणे, "बोला आजीबाई. असली का नकली?"

"घड्याळ आमचं. तबकडी रंगवलेली. तुमी बदललं म्हटलं, ते परत घेते."

"अन् शपथ?"

मी भिंग खाली ठेवलं. जावई म्हणे, "मले तर टाइम बरोबर दाखवते, आजी." बापानं असे डोळे वटारले की बिचारा घड्याळ घेऊन आत गेला.

निघताना इवाई - "रंग कोणी लावला ते सांगा. मंग पाहू सुनेचं."

पाहू म्हणे. आणतो असं नाही म्हटलं.

वद्य १४

वसंतानंच. माह्या पोटच्या वकिलानं.

पाय धुतले, ताटावर बसला, तवा विचारलं. वरणात पाहून म्हणे, "डाग वाईट दिसत होता, आई. जावयाला डागाळलेलं कसं द्यायचं? मांडवात लोक काय म्हणाले असते?" लग्नाआधी घडीसाजाकडून तबकडी रंगवून नवी करून घेतली. डबीतून काढून स्वतःच जावयाच्या हातावर बांधली. मले कुठून दिसणार? विधवा बाईले मांडवात पुढं कोण येऊ देते. मी मागं बुंदीवर नजर ठेवून.

"अन् मी शपथ घेतली तवा?"

"मी खोटं कुठे बोललो? मला कोणी विचारलंच नाही."

ताट उचललं मी पुढचं. उपाशी झोपला. झोपू दे. डाग काही देव नव्हता, पण खरा होता. तो पुसला अन् आमी सगळे खोटे झालो. पोरगी धरून.

मार्गशीर्ष शुद्ध १

तिसरं कार्ड. "शपथ घेणाऱ्या आजीबाईंनी येऊन खुलासा करावा."

वसंता जवळ येऊन बसला, गोड. "आई, तूच जा. सांग की घडीसाजानं न विचारता रंगवलं. तुझ्या वयाला मान आहे. माझी बाजारात अब्रू आहे."

म्हणजे माही नाही. कुसुमची तर नाहीच. ती सकाळपासून ट्रंक भरून राहिली अन् रिकामी करून राहिली.

वसंता, मी झोपली की तू ही वही वाचतो हे मले ठाऊक आहे. तर वाच. अंबादेवीशी माहं मी पाहून घेईन. घडीसाजाचं नाव काढायचं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं, कोर्टाचा काळा कोट घालून, तू अकोल्याले जायचं. बैठकीत उभं राहायचं, बसा म्हटलं तरी बसायचं नाही. इहिणीले आतून बाहेर बोलवायचं. कुसुमले न्यायले येतात की नाही ते त्यांच्यावर. पण रंग कोणी लावला, याचं उत्तर मी देणार नाही, पोरगी देणार नाही. तू द्यायचं.